वजन कमी करायचंय? आधी सोबत शोधा

उर्दूच्या तासाला मी मुलांना ‘तालीम’ या शब्दाचा अर्थ सांगते : शिक्षण. तीच मुले शाळेतून घरी जाताना ज्या तालमीवरून जातात तिथे मात्र लाल माती असते, गदा असतात आणि जोर-बैठका मारणारे पैलवान असतात. शब्द एकच, अरबीतून आलेला. उर्दूत तो वर्गात बसला, मराठीत आखाड्यात उतरला. आमच्या कोल्हापुरात तर तालमीतच गणपती बसतो आणि तालमीतच मोहरमचे पंजे बसतात. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे कुस्ती मैदान बांधले ते याच शहरात.

या तालमीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तालमीत कुणी एकटा व्यायाम करत नाही. जोडीदार असतो, वर वस्ताद असतो. पोरगा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात येऊन हाक मारतो. माझे अब्बा तरुणपणी तालमीत जायचे. आम्हा बहिणींना मात्र तालीम नव्हती. म्हणून चाळिशीत वजन वाढले तेव्हा मी एकटीनेच सुरुवात केली, तीही तीन वेळा. एकदा जिमची वर्षाची फी भरली आणि १९ दिवस गेले. एकदा मोबाईल बघून घरातच व्यायाम केला, तो आठवडाभर टिकला. तिसऱ्यांदा पहिल्याच दिवशी चपला घालून पाच किलोमीटर चालले आणि पुढचे पंधरा दिवस गुडघा धरून बसले.

मग तपासणीत साखर काठावर निघाली. एचबीए१सी ६.२. अम्मीला मधुमेह होता. तिच्या पायाची जखम वर्षभर भरली नव्हती आणि ती ड्रेसिंग मीच करायचे. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा तो पाय डोळ्यांसमोर आला. शेजारच्या भाभींना सांगितले तर त्या सहज म्हणाल्या, “बाजी, अकेली कायकू जाती? मेरेकू भी आवाज देव ना.”

चौथी सुरुवात टिकली ती या एका वाक्यामुळे. आपल्या घरांमधून हे कसे सुरू करता येईल, त्याची माहिती इथे एकत्र देत आहे.

काळजी कशासाठी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीत सुमारे ३९.५ टक्के लोकांच्या पोटावर जास्त चरबी आढळली.

पोटावरची चरबी हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. दंड-पाय बारीक, पण पोट पुढे, अशी शरीरे प्रत्येक मोहल्ल्यात दिसतात. आपण त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो आणि सोडून देतो. पण हीच चरबी साखर आणि रक्तदाब वाढवते, यकृतात साठते आणि हृदयावर ताण आणते. म्हणून भारतीयांसाठी वजनाच्या मर्यादा जरा कडक ठेवल्या आहेत :

- बीएमआय : वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. उदाहरणार्थ, उंची १५५ सेंटिमीटर असेल तर ५५ किलोपर्यंत ठीक आणि ६० किलोच्या पुढे लठ्ठपणा.
- कंबर : बाईची ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंच) आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या (साडेपस्तीस इंच) आत हवी. शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पोट आत ओढायचे नाही!
- साखर : उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. उपाशीपोटी १२६ आणि एचबीए१सी ६.५ पासून पुढे मधुमेह.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते, ही यातली दिलासा देणारी बाब. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. लोकांसमोर दोनच उद्दिष्टे होती : वजन ७ टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉक्टरांनी भारतीय लोकांवर असाच अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले आणि तिथेही राहणीमान बदलल्याने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला.

७ टक्के म्हणजे किती? माझे वजन ७४ किलो होते. त्याचे ७ टक्के म्हणजे जेमतेम ५ किलो. लग्नातल्या फोटोइतके बारीक व्हायची गरज नाही. पाच किलो पुरतात.

सोबतीने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलेलाही आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही लोक एकटे आले होते, तर काही तीन मित्र-नातेवाइकांना घेऊन आले होते. एकट्याने येऊन नेहमीचा कार्यक्रम करणाऱ्यांपैकी ७६ टक्के लोकांनी तो पूर्ण केला. मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना साथ कशी द्यायची हे शिकवलेल्या गटात ही संख्या ९५ टक्के होती. पुढच्या सहा महिन्यांत कमी झालेले वजन पूर्णपणे टिकवणारे एकट्यांमध्ये २४ टक्के होते, मित्रांच्या गटात ६६ टक्के.

याची दुसरी बाजूही आहे. २००७ साली फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या बारा हजारांवर लोकांची ३२ वर्षांची माहिती तपासली गेली. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे मित्रांच्या संगतीत वजन वाढतेही आणि कमीही होते. रात्री अकराला चहा-बन मस्क्याला बसणारा कट्टा आणि फजरनंतर चालायला निघणारा कट्टा एकाच चार माणसांचा असू शकतो. वेळ आणि जागा तेवढी बदलते.

सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना भेटा

वय चाळीसच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. वजन एकाएकी वाढले असेल किंवा पाळी अनियमित असेल तर थायरॉइड आणि पीसीओएसची तपासणी टाळू नका. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम आला, डोके हलके वाटले तर थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. सोबतच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा. एकट्याला चक्कर आली तर कोण बघणार?

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, श्वास कोंडणे यांपैकी काही झाले तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी जाऊन झोपू नका.

गट कसा बांधायचा?

आम्ही तिघी आहोत : मी, शेजारच्या भाभी आणि माझ्या शाळेतल्या एक मॅडम. तीन ते पाच माणसे पुरेत. दहा झाली की ‘मी नाही गेले तरी बाकीच्या आहेत’ असे प्रत्येकीला वाटू लागते. आमचे नियम चुका करत करत ठरले :

१. जागा आणि वेळ ठरलेली. ‘सकाळी जाऊ’ असे नाही, तर ‘सव्वासहाला दुधाच्या डेअरीजवळ’. दहा मिनिटे थांबायचे, मग निघायचे.

२. येणार नसाल तर रात्रीच कळवा. न कळवता आली नाही तर तिच्या दारात जाऊन हाक मारायची. लाज वाटते म्हणून का होईना, माणूस उठतो.

३. सगळ्यात हळू चालणारीच्या वेगाने चाला. पहिला महिना तरी.

४. वजनाचे आकडे ग्रुपवर टाकायचे नाहीत. हे आम्ही ठेच लागून शिकलो. सुरुवातीला तिघी दर आठवड्याला आकडा टाकायचो. मॅडमचे दोन किलो कमी झाले, माझा एक, भाभींचा काटा हलेना. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण दोन आठवडे आल्याच नाहीत. नंतर कळले, त्यांना थायरॉइड होता आणि गोळीचा डोस कमी पडत होता. आता ग्रुपवर फक्त ‘आज चालले’ एवढीच खूण पडते. वजन ज्याचे त्याने वहीत लिहायचे.

५. शरीरावरून थट्टा नाही. ‘मोटी’, ‘ढोल’ हे शब्द प्रेमाने म्हटले तरी लागतात.

६. चालून आल्यावर नाश्त्याच्या गाडीवर थांबायचे नाही. अर्धा तास भरभर चालल्याने साधारण १३० ते १५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या जवळपास दुप्पट येतात.

पुरुषांना तर गट शोधावाही लागत नाही. फजरच्या जमातीत रोज तीच माणसे भेटतात. नमाज झाली की मशिदीच्या दारातूनच दोघा-चौघांनी चालायला निघावे. घरी जाऊन पुन्हा अंथरुणात शिरलात की संपले.

पहिले बारा आठवडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग. मैत्रीण सोबत असेल तर हे आपोआप कळते. गप्पा अगदी आरामात चालल्या असतील तर वेग वाढवा, बोलताच येत नसेल तर कमी करा.

- आठवडा १ आणि २ : रोज १५ मिनिटे, आठवड्यात पाच दिवस. आणखी चालावेसे वाटले तरी थांबा.
- आठवडा ३ आणि ४ : २० मिनिटे. मधली १० मिनिटे भरभर.
- आठवडा ५ आणि ६ : २५ मिनिटे. दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुरू करा.
- आठवडा ७ आणि ८ : ३० मिनिटे, पाच दिवस. इथे १५० मिनिटे पूर्ण झाली.
- आठवडा ९ ते १२ : ३५ ते ४५ मिनिटे. जमेल तिथे चढ घ्या, जिने घ्या.

दहा हजार पावलांचा आकडा घेऊन बसू नका. तो १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे यंत्र विकताना नाव म्हणून पुढे आला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो. आज तीन हजार होत असतील तर पुढच्या महिन्यात साडेचार हजार करा.

चपला किंवा सँडल घालून भरभर चालू नका, टाच आणि गुडघा दोन्ही बोलतात. साधे, पण मापाचे स्पोर्ट शूज घ्या. मधुमेह असेल तर मोजे घाला आणि घरी आल्यावर तळपाय रोज तपासा. अम्मीच्या पायाची सुरुवात एका साध्या फोडाने झाली होती.

ताकदीचे व्यायाम, घरच्या घरी

नुसते चालून वजन घटवले तर चरबीबरोबर स्नायूही घटतात. चाळिशीनंतर ते परवडत नाही. यासाठी मशीन लागत नाही :

- खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे : १० वेळा
- भिंतीला हात टेकवून जोर काढणे : १० वेळा
- ओट्याला धरून टाचा उचलणे : १५ वेळा
- पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वर-खाली : १० वेळा

हे सगळे दोनदा करायचे, मध्ये एक मिनिट विश्रांती. १५ मिनिटांत होते. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

दस्तरखानावर काय बदलायचे?

फक्त व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, ताटातही बदल लागतो. पण वेगळा स्वयंपाक करायचा नाही. घरात एकासाठी उकडलेले आणि बाकीच्यांसाठी कोरमा, हे दोन आठवडेसुद्धा टिकत नाही. सगळ्यांचाच स्वयंपाक थोडा बदला.

साखर : दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ८ चमचे, सुमारे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळणारही नाही.

तेल : एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात. कढईत डब्यातून थेट तेल ओतू नका, चमच्याने मोजून घाला. महिन्याला किती तेल आणले ते वहीत लिहा. दुसऱ्या महिन्यात आकडा आपोआप खाली येतो.

मटण : चरबी आधीच काढून टाका. रस्सा थंड झाला की वरचा कट चमच्याने बाजूला काढा. चव रश्शात असते, कटात फक्त रंग आणि तेल.

ताट : अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, अंडी, मासे किंवा मांस, उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी-चपाती. दोन्ही हवे असेल तर निम्मे-निम्मे. पोटाचा एक हिस्सा रिकामा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता ती अमलात आणू या.

मीठ : दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. लोणचे आणि पापड यांतले मीठही त्यात धरा.

वजन आठवड्याला एकदाच करा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. मी जुम्म्याच्या सकाळी करते. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरले तर उत्तम. त्याहून वेगाने उतरवणाऱ्या पावडरी, काढे आणि ‘पंधरा दिवसांत दहा किलो’चे मेसेज यांपासून दूर राहा. त्या डब्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसते.

दावतीत सोबत कशी करायची?

आपल्याकडे खरी परीक्षा शादी आणि वलिम्यात असते. समोर बिर्याणी, दालचा, जर्दा आणि बाजूला “और थोडा लेव ना, कुछ खायेच नहीं” म्हणणारी खाला. तिथे नाही म्हणणे उद्धटपणा वाटतो. आमच्यात ठरले आहे : दावतीत एकमेकींशेजारी बसायचे आणि एकदाच वाढून घ्यायचे. कुणी आग्रह केला तर शेजारणीने बोलायचे, “खाला, इन्होंने पेट भरके खाया, मैं देखी.” आपल्यासाठी दुसऱ्याने नाही म्हणणे सोपे जाते. आणि घरी दावत असेल तेव्हा पाहुण्यांना आपणही फार आग्रह करू नये. वाढण्यातली माया कमी होत नाही.

रमजानमध्ये काय?

रोज्याच्या महिन्यात वजन कमी होईल असे वाटते. कित्येक घरांत ते वाढते. कारण इफ्तारची भजी, समोसे आणि सरबते. खजूर, पाणी आणि फळाने रोजा सोडा, तळलेला एकच तुकडा घ्या, मगरीबनंतर साधे जेवण करा. सहरी चुकवू नका. त्यात डाळ, अंडी, दही, भाकरी असे टिकणारे अन्न असू द्या.

चालणे बंद करू नका, वेळ बदला : इफ्तारच्या आधी २० मिनिटे हळू किंवा तरावीहनंतर थोडे. तरावीहमध्येही शरीराची हालचाल होते, तीसुद्धा मोजा. उन्हात, रोज्यात, भरभर चालणे नको.

मधुमेहींनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात. रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमाही सांगतात. त्यामुळे त्या भीतीने तपासणी टाळू नका.

बायकांच्या अडचणी

“घरातले काम हाच व्यायाम आहे की!” हे मी शंभरदा ऐकले आहे. कामाने थकवा येतो हे खरे. पण सलग, दम लागेल अशी हालचाल त्यात क्वचितच होते.

बाहेर जाण्याचा संकोच असेल तर इमारतीची गच्ची वापरा. तिघी मिळून वीस फेऱ्या मारा. बुरखा घालून चालायचे असेल तर हलके सुती कापड आणि घोट्याच्या वर राहणारी लांबी घ्या, म्हणजे पाय अडकत नाही. अंधार असेल तर गाड्यांना दिसेल असा फिक्या रंगाचा दुपट्टा असू द्या. पावसाळ्यात आमच्याकडे जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. एका सकाळी मी अंथरुणातून कळवले, ‘आज नको.’ पाच मिनिटांत भाभी छत्री घेऊन जिन्यात हजर. आम्ही त्या दिवशी जिनाच चढलो-उतरलो, पंधरा मिनिटे.

घरच्यांनाही एक सांगायचे आहे. सकाळची ४० मिनिटे बाईला मिळावीत म्हणून कुणीतरी दूध तापवावे, कुणीतरी डबे भरावेत. आमच्याकडे पहिला आठवडा कुरकुर झाली. आता माझे शौहर डबे भरतात, आणि भाजी माझ्यापेक्षा कमी तेलात करतात.

मुलांनाही ओढा. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास हालचाल हवी असते. वर्गात मी बघते, पाचवीतली मुले एक मजला चढून धापा टाकतात.

मध्येच खंड पडला तर?

पडेलच. परीक्षा येतात, पाहुणे येतात, घरात आजारपण येते. दोन-तीन महिन्यांनी काटा एका जागी अडतो तेही नेहमीचेच आहे. तेव्हा कंबर मोजा. वजन तेच असताना कंबर उतरलेली असते. एक दिवस चुकला तर चुकू द्या, सलग दोन दिवस चुकवू नका. आठवडाभराचा खंड पडला असेल तर मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा. आणि गटातली कुणी यायची बंद झाली असेल तर तिला मेसेज करू नका, तिच्या घरी जा. कारण कदाचित आळस नसेल. भाभींचे होते तसे काही दुखणे असेल, किंवा घरात कुणी अडवले असेल.

नऊ महिन्यांत माझे वजन ७४ वरून ६८ वर आले. एचबीए१सी ५.८ झाली. म्हणजे अजून उंबरठ्यावरच आहे, पण मागे सरकते आहे. भाभींचा थायरॉइड आता ताब्यात आहे, आणि गुडघ्याला तेल लावणे त्यांनी बंद केले आहे.

हा लेख वाचून झाल्यावर बूट घ्यायला धावू नका, जिमची फीही भरू नका. ज्याला किंवा जिला हक्काने हाक मारता येईल असे एक नाव आठवा आणि आज रात्री फोन करून एवढेच सांगा : उद्या सव्वासहाला, कोपऱ्यावर.